'वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' लावतोय, पण पिस्टनच्या सीनला पोरं अडवणार. नेमकं काय सांगायचं?

येझदी_जुळेसोलापूर

जुन्या गाड्यांच्या आपल्या ग्रुपात 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' लावायचं चाललंय. २००५ चा, रॉजर डोनाल्डसनचा, जुन्या 'इंडियन' मोटरसायकलवर वेगाचे विक्रम करणाऱ्या बर्ट मन्रोच्या भूमिकेत अँथनी हॉपकिन्स. बहुतेकांनी पाहिलाय, तरी परत बघायला सगळे तयार. या खेपेला पॉलिटेक्निकची पोरं आणि तीन-चार गॅरेजवालेही येणार आहेत. १२७ मिनिटांचा सिनेमा, मध्ये थांबवून बोलायला तासभर ठेवलाय.

अडचण अशी की ही पोरं "भारी आहे" म्हणून गप्प बसणारी नाहीत. म्हातारा शेडमध्ये जुने पिस्टन वितळवून नवा ओततो, हे बघितल्यावर पहिला प्रश्न येणार: मग आपण आपल्या जुन्या दोन-स्ट्रोक येझदीचा का ओतू नये? दुसरा, सुरीने टायरची नक्षी तासतात ती कशासाठी? तिसरा, शेवटच्या धावेत गाडी डुलायला लागते ती का, आणि तेव्हा त्याने केलं ते बरोबर का? आणि सिनेमातला आकडा खरा की पडद्यापुरता?

लेथवर काम करणाऱ्या आणि आकडे पाठ असणाऱ्या मंडळींनी जरा सविस्तर लिहा. "जिद्द असली की सगळं होतं" हे पोस्टरवर लिहितो आम्ही, इथे नको.

कानस_कॅलिपर

आकड्यांचं मी सांगतो, ओतकामाचं ओतणारे सांगतील.

खरी गाडी १९२० ची इंडियन स्काउट. ६०० सीसीची व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर), साइड व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या बाजूला), हाताने टाकायचे तीन गिअर, पायाने दाबायचा क्लच. कारखान्यातून निघाली तेव्हा टॉप स्पीड ताशी ५५ मैल, म्हणजे आपले ८८-८९ किलोमीटर. मन्रो न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिलचा, जन्म १८९९ चा. हीच गाडी तो आयुष्यभर कापत, भोक पाडत, वाढवत बसला. साइड व्हॉल्व्ह काढून ओव्हरहेड (सिलिंडरच्या डोक्यावरचे) व्हॉल्व्ह केले, सीसी शेवटी ९५० पर्यंत नेली.

अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावरचे त्याचे विक्रम तीन:
१९६२: ८८३ सीसी वर्गात १७८.९५ मैल (२८८ किमी)
१९६६: १००० सीसी वर्गात १६८.०७ मैल (२७०.५ किमी)
१९६७: १००० सीसीखालच्या वर्गात १८३.५९ मैल (२९५.५ किमी), वय ६८

१९६७ मध्येच पात्रतेच्या एका बाजूच्या धावेत १९०.०७ मैल नोंदला गेला, म्हणजे ३०५.९ किलोमीटर. सिनेमात शेवटी काटा २०० मैलांच्या वर जातो. तो विक्रमाच्या यादीतला आकडा नाही, पोरांना हे आधीच सांगून टाका. विक्रमासाठी जाऊन-येऊन दोन्ही बाजूंच्या धावांची सरासरी धरतात. एका बाजूला वारा पाठीशी असला तर परतीला तो छातीवर येतो आणि हिशेब सरळ होतो.

आता गंमत. १९६७ च्या त्या सरासरीच्या गणितातच चूक होती. मुलाच्या लक्षात आली, अमेरिकन संघटनेने तपासलं आणि २०१४ मध्ये आकडा १८४.०८७ मैल असा दुरुस्त केला. बर्ट १९७८ मध्ये गेला. म्हणजे जाऊन ३६ वर्षं झाल्यावर त्याची गाडी अर्ध्या मैलाने आणखी जोरात पळाली. हा किस्सा सिनेमात असणं शक्यच नाही, म्हणून तो तुम्हीच सांगा. हशा हमखास.

दुसरी गोष्ट, सिनेमात एकच प्रवास आहे: बोट, लॉस एंजेलिस, जुनी मोटार, मैदान, विक्रम. खरा मन्रो साठच्या दशकात पुन्हा पुन्हा तिकडे जात होता. अनेक वर्षांचे विक्रम आणि अनेक वर्षांच्या आपटण्या पटकथेत एकत्र बांधल्यात. डोनाल्डसनला हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही; त्याने १९७१ मध्ये याच माणसावर माहितीपट केला होता, म्हातारा हयात असताना. त्यामुळे शेडमधले बारकावे इतके चपखल आलेत. फळीवर मांडलेले फुटके पिस्टन आणि त्यावर 'वेगाच्या देवाला अर्पण' अशा अर्थाची पाटी, ते खरं आहे.

एक गणित फळ्यावर लिहून दाखवा. हवेचा विरोध ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ५५ वरून १८४ म्हणजे ३.३५ पट वेग. त्याचा घन जवळजवळ ३७. गाडीचा आकार तोच ठेवला असता तर मूळ इंजिनाच्या ३७ पट ताकद लागली असती. ती कुठून येणार? म्हणून ते लांबोडकं कवच. निम्मी लढाई पिस्टनने जिंकली, निम्मी कवचाने.

बुलेट_होटगीरोड

मालक, आमच्याकडं तो टाकीच्या झाकणाला बाटलीचं बूच लावलेला सीन आला की गॅरेजवाले उठून शिट्ट्या मारत्यात बगा. तपासणीवाले तोंडात बोट घालत्यात आन् ह्याला काय वाटतच नाय. पेट्रोलच्या टाकीला फडकं कोंबून फिरणारे सोलापुरात शंभर निघतील, पण त्यातला एक बी ३०० ला जात नाय, एवढाच फरक.

पिस्टनचं कुणीतरी नीट सांगा लका. मला बी पायजे.

ओतारी_एमआयडीसी

घ्या. लांब होईल, पण अर्धवट सांगितलं की कुणीतरी पातेलं वितळवायला बसतं.

मन्रो ओतायचा हे खरं. जुन्या डब्यांचे साचे करून ओतायचा, कनेक्टिंग रॉड जुन्या अ‍ॅक्सलच्या पोलादातून घासून काढायचा, कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तुकड्यांची) नाकं कानशीने उतरवायचा आणि माप घ्यायला सायकलच्या स्पोकचं केलेलं गेज. आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोडला प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आहे, कॅमशाफ्ट ओतून मोटार कंपन्यांना पुरवते. त्या एका शाफ्टच्या ग्राइंडिंगवर जेवढं लक्ष असतं ते बघितलं की कानशीने चार कॅम जुळवणाऱ्याबद्दल काय बोलावं सुचत नाही. पण फळीवरचे ते फुटके पिस्टन सजावटीचे नाहीत. ओतलेला टिकत नव्हता, म्हणून पुन्हा ओतावा लागत होता.

का टिकत नाही, ते क्रमाने.

पहिलं, माल. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, कोळशाची भट्टी आणि ब्लोअर असला की काम झालं, त्यामुळे सगळ्यांना सोपं वाटतं. पण भांड्याचं किंवा खिडकीच्या सेक्शनचं अ‍ॅल्युमिनियम पिस्टनला चालत नाही. पिस्टनच्या मालात साधारण १२ टक्के सिलिकॉन असतं, शिवाय थोडं तांबं, मॅग्नेशियम, निकेल. सिलिकॉन दोन कामं करतं: घासणं कमी करतं आणि तापल्यावर फुगणं कमी करतं. हिशेब करून बघा. येझदी २५० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मिमी. पिस्टनचा स्कर्ट (खालचा भाग) १५० अंशांनी तापला तर पिस्टनच्या मालाचा ६५ चा तुकडा साधारण ०.१९५ मिमी वाढतो. भांड्याच्या मालाचा ०.२३ मिमी. फरक ०.०३ मिमीच्या वर. आता येझदीत पिस्टन आणि बोअरमधला एकूण गॅप किती ठेवतो आपण? हवेने थंड होणाऱ्या लोखंडी बोअरला ढोबळ हिशेब बोअरच्या हजाराव्या भागाचा, म्हणजे ०.०६५. त्यातला निम्मा गॅप नुसत्या चुकीच्या मालाने खाल्ला. मग इंजिन धरणार (जाम होणार) नाही तर काय करणार? म्हणून ओतायचाच असेल तर जुने पिस्टनच वितळवायचे, मन्रोसारखे. आधी त्यातली गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी), सर्क्लिप आणि रिंगच्या खाचेतलं लोखंडी इन्सर्ट असेल तर तेही काढून.

दुसरं, गॅस. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम दमट हवेतून, ओल्या स्क्रॅपमधून, ऑइलच्या काजळीतून हायड्रोजन ओढून घेतं आणि थिजताना सोडतं. आत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. वरून टर्निंग केलं की चकाचक दिसतं, आणि कडा फुटते ती नेमकी रिंगच्या वरच्या पट्टीतून. उपाय: स्क्रॅप धुऊन, वाळवून, गरम करून टाकायचं, माल ७२० ते ७५० अंशांच्या वर उकळत ठेवायचा नाही, डिगॅसिंगची गोळी घंटीने तळाशी दाबून धरायची, धूर नाकात जाऊ द्यायचा नाही, मळी काढून लगेच ओतायचं. लोखंडी साचा २०० ते २५० अंशांवर तापवलेला. पळी, साचा, चिमटा यांपैकी काहीही ओलं असेल तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि माल तोंडावर उडतो. स्लीपर घालून हे काम करणाऱ्याला शेडच्या बाहेर काढा.

तिसरं, आकसणं. थिजताना रेषेत सव्वा टक्का आकसतं, शिवाय टर्निंगला एका बाजूला दीड-दोन मिमी माल हवा. राइझर (जादा मालाचा साठा) माथ्याच्या बाजूला ठेवायचा, जाड भाग शेवटी थिजला पाहिजे. पिनच्या बॉसपाशी, म्हणजे पिन बसते तिथे, माल जाड असतो, तिथेच पोकळी धरते.

चौथं, आणि इथेच घरच्या लेथवाल्याची गाडी अडते. पिस्टन गोल नसतो. पिनच्या दिशेने किंचित कमी, आडव्या दिशेने जास्त, म्हणजे लंबगोल. पिनच्या बॉसपाशी माल जास्त, तापल्यावर तिकडे जास्त पसरतो, तेव्हा कुठे तो गोल होतो. शिवाय माथा स्कर्टपेक्षा बारीक, कारण माथा जास्त तापतो. वरच्या पट्टीत व्यास ०.३ ते ०.४ मिमी कमी असतो. साध्या लेथवर गोलच निघतो. गोल पिस्टन बसवला आणि गॅप बरोबर ठेवला, तरी गरम झाल्यावर पिनच्या दोन्ही बाजूंना चार ठिकाणी खरचटून धरतो. गॅप वाढवला तर थंड इंजिनात खडखडतो आणि रिंग लवकर जातात.

पाचवं, उष्णतेचं कडकपण. ओतून तसाच बसवला तर मऊ. निदान २०० अंशांच्या आसपास काही तास एजिंग द्यावं लागतं, आणि ते टर्निंगच्या आधी. नंतर दिलं तर माप हलतं.

मन्रोला हे चाललं कारण त्याचं इंजिन एका धावेपुरतं तगायचं होतं. काही मैल पळालं, झालं. तुमच्या येझदीला तुळजापूरपर्यंत जाऊन दुपारच्या उन्हात परत यायचंय.

म्हणून पोरांना उत्तर: येझदीचे पिस्टन बाजारात मिळतात, ०.२५ च्या पायरीने ओव्हरसाइजही (बोअर वाढवल्यावर लागणारे मोठे) मिळतात. ओतायचाच असेल तर शिकण्यासाठी ओता, कापून आतली छिद्रं बघा, फळीवर मांडा.

येझदी_जुळेसोलापूर

ओतारीसाहेब, प्रिंट काढून लावतो. ओव्हरसाइजवर एक उपप्रश्न. काही गॅरेजमध्ये येझदीत दुसऱ्याच गाडीचा पिस्टन "बसवून" देतात, डोम घासून, पिनला बुश घालून. ते आणि मन्रोची जुगाड यात पोरांना फरक कसा समजावायचा? आणि बोअर केल्यावर नेमकं काय तपासायचं?

ओतारी_एमआयडीसी

दुसऱ्या गाडीचा पिस्टन चार-स्ट्रोकला कदाचित निभावेल. दोन-स्ट्रोकला पिस्टन हाच व्हॉल्व्ह आहे, ही गोष्ट विसरतात. स्कर्टची खालची कड इनटेक पोर्ट (इंधन आत यायची खिडकी) उघडते-झाकते. स्कर्ट १ मिमी आखूड असला तर इनटेक लवकर उघडतो आणि उशिरा मिटतो, कमी आरपीएमला कार्बोरेटरमधून पेट्रोल उलट थुंकतं. पिनपासून माथ्यापर्यंतची उंची बदलली की एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर दोन्हीचं टायमिंग सरकतं आणि कॉम्प्रेशनही. रिंगच्या खाचेत छोटी पिन असते, रिंगची टोकं फिरू नयेत म्हणून; ती पिन दुसऱ्या गाडीच्या पोर्टांना धरून बसवलेली. येझदीत रिंगचं टोक पोर्टच्या खिडकीवर आलं की एकदा बाहेर उसळतं आणि अडकतं. बोअरला उभी खोल रेघ, रिंगचा तुकडा क्रँककेसमध्ये.

आणि वजन. येझदीचा स्ट्रोक ७५ मिमी. ५००० आरपीएमला वरच्या टोकाशी पिस्टनवर गुरुत्वाच्या जवळजवळ १३०० पट ओढ असते. पिस्टन १० ग्रॅम जड घेतला तर त्या क्षणी रॉडवर सुमारे १३ किलोचा जादा भार, मिनिटाला ५००० वेळा. हँडलला मुंग्या येतात त्या इथून. मन्रो हे वजन-गणित जाणून बदल करत होता. गॅरेजवाला "बसतंय ना, मग झालं" म्हणून करतो. फरक एवढाच, पोरांना पुरे आहे.

बोअर केल्यावरचं:

पिस्टन आधी विकत घ्या, मग बोअर करा. ०.५० लिहिलेल्या दोन पिस्टनांचं खरं माप सारखं असेलच असं नाही. पिस्टनचं माप पिनच्या आडव्या दिशेने, स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर, मायक्रोमीटरने. कॅलिपरने नको, कॅलिपरचा शेवटचा आकडा इथे उपयोगाचा नाही.

बोअरिंग बारने अंतिम मापाच्या ०.०५ मिमी आधी थांबायला सांगा, उरलेलं होनिंगने (बारीक दगडांनी घासून). होनिंगच्या रेघा एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या दिसल्या पाहिजेत. आडव्या वर्तुळांसारख्या दिसल्या तर होन नुसता फिरवलाय, वर-खाली केलेला नाही, ऑइल धरणार नाही.

मग बोअर डायल गेजने तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी माप घ्या. नव्या बोअरला मापं एकमेकांपासून ०.०१ च्या आत. जुना बोअर टिकवायचा की नाही हे बघताना फरक ०.१ च्या पुढे गेला असेल तर रिंग बदलून काही होणार नाही, पुढची साइज घ्या.

पोर्टच्या कडा. हे सर्वांत जास्त विसरलं जाणारं काम. बोअर केल्यावर पोर्टच्या कडा वस्तऱ्यासारख्या होतात. छोट्या दगडाने किंवा बारीक कानशीने प्रत्येक कडेला हलका उतार द्यायचा, वर आणि खाली जास्त. नाही दिला तर पहिल्या शंभर किलोमीटरांत रिंग खरवडली जाते.

रिंग गॅप: नुसती रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकला, टोकांमधलं अंतर फीलर गेजने. ६५ च्या बोअरला साधारण ०.२५ मिमी. कमी असेल तर एकाच बाजूने घासा. रिंगची बाजूची ढील ०.०३ ते ०.०६.

सगळं धुवायचं साबणाच्या गरम पाण्याने. पेट्रोलने होनिंगची पूड निघत नाही. पांढरं फडकं फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत, मग लगेच ऑइलचा हात.

रनिंग-इनला (नवा पिस्टन बसेपर्यंत) १ लिटर पेट्रोलला ४० मिली टू-टी (दोन-स्ट्रोकचं) ऑइल, पहिले ५०० किलोमीटर एकाच थ्रॉटलवर धरून चालवायची नाही. मे महिन्यात दुपारी बाराला तर नाहीच.

स्पोकवाला

टायर आणि डुलण्याचं माझ्याकडे.

टायर तासण्यात शहाणपणा होता. ३०० किलोमीटरला चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला ८३ मीटर. चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर धरा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या: गुरुत्वाच्या दोन हजार पटींच्या पुढे. म्हणजे नक्षीतला १ ग्रॅम रबर दोन किलोच्या ताकदीने बाहेर उडायला बघतो. जाड नक्षी असली की ती सोलून निघते, आणि रबर जेवढं जाड तेवढं आत तापतंही जास्त. कोरड्या, सपाट मिठावर पाणी काढायला नक्षी लागत नाही, म्हणून तिचा उपयोग शून्य आणि धोका पुरेपूर. आपल्या रस्त्यावर उलट. जुलैच्या पहिल्या सरीत सात रस्त्याच्या सिग्नलला डिझेल-धूळ-पाण्याचा जो चिखल होतो, तिथे नक्षी हाच जीव. टायरच्या खाचेत झिजेची खूण दाखवणारा उंचवटा असतो; नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. तासलेला टायर घेऊन कुणी आला तर गाडी आत घेऊ नका.

डुलणं. दोन वेगळे प्रकार आहेत, लोक एकातच मोजतात. एक: फक्त हँडल झपाट्याने डावी-उजवी फडफडतं, सेकंदाला सात-आठ वेळा. दोन: अख्खी गाडी सापासारखी वळवळते, सेकंदाला दोन-तीन वेळा, मागचं चाक सामील. पहिलं बहुतेकदा कोनसेट (हँडलचं बेअरिंग), पुढचं चाक, टायर. दुसरं मागची ढील, मागचं वजन, किंवा हवा.

मन्रोच्या गाडीत हवेचा मामला मोठा होता. कवच घातलं की बाजूच्या हवेचा एकूण धक्का एका ठरावीक बिंदूवर येतो. तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा पुढे असला तर जरा तिरकी झाली की हवा तिला आणखी तिरकी करते. बाणाला पिसं मागे असतात, पुढे नसतात, ते याचसाठी. त्यात १९२० ची फ्रेम: पुढे पानांच्या स्प्रिंगचा फोर्क, मागे सस्पेन्शनच नाही. आणि खाली मीठ. ओलसर पट्टा आला की मागचं चाक घसरत फिरतं, मग सरळ रेषा धरणारा कुणी उरत नाही.

सिनेमात तो अंग वर काढतो, गॉगल उडतो. १९६७ मध्ये तसंच झालं: गाडी डुलायला लागली, वेग कमी करायला तो उठून बसला, वाऱ्याने गॉगल ओढून नेला, काही दिसेना, शेवटी गाडी आडवी घातली. मैलोन्‌मैल मोकळं मैदान होतं म्हणून निभावलं. पोरांना ठासून सांगा: रस्त्यावर गाडी डुलायला लागली तर उठून बसायचं नाही. वारा छातीवर येतो, पुढचं चाक हलकं होतं, फडफड वाढते. पुढचा ब्रेक दाबायचा नाही. हँडल आवळायचं नाही, आवळलं की आपल्याच हातांनी धक्के परत आत जातात. गुडघ्यांनी टाकी धरा, अंग पुढे आणि खाली, थ्रॉटल हळूहळू सोडा, एकदम बंद नको.

घरी तपासायचं असेल तर मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला. फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. टक् लागलं तर कोनसेट ढिला. मग हँडल सावकाश फिरवा. अगदी मधोमध खाच लागल्यासारखं अडलं तर गोळ्यांनी रेसला खड्डे पाडलेत, नुसतं आवळून उपयोग नाही, सेटच बदला. नवा बसवल्यावर नट इतकाच आवळायचा की ढील जावी, आणि हँडल मध्यापासून बोटाने ढकललं की स्वतःच्या वजनाने कडेला पडावं. मागे स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं) टोक धरून आडवं हलवा. हललं तर बुश गेला. रिमजवळ पेन्सिल धरून चाक फिरवा, दोन मिमीपेक्षा जास्त आत-बाहेर जात असेल तर स्पोक. आणि हे सगळं ठीक असूनही ८० ला वळवळत असेल तर मागच्या कॅरिअरवर बांधलेलं काढून बघा. चादरींचा गठ्ठा मागच्या चाकाच्याही मागे बांधून पंढरपूरला निघतात आणि दोष फोर्कला देतात.

बुलेट_होटगीरोड

आयला, गठ्ठ्याचं आमालाच बोलला काय.

मेथॅनॉलचं पण विचारतील पोरं. मिठावर तसलंच काय काय घालत्यात म्हणं. येझदीत घातलं तर?

कानस_कॅलिपर

घालायचं नाही. कारण सांगतो, नाहीतर कुणीतरी घालेलच.

पेट्रोलला १ भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, मेथॅनॉलला ६.४. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीपेक्षा जास्त इंधन ओतावं लागतं. तुमचा जेट (कार्बोरेटरमधलं इंधनाचं भोक) पेट्रोलचा. मेथॅनॉल घातलं तर इंजिन भयंकर लीन (हवा जास्त, इंधन कमी), माथ्याला भोक. जेट वाढवला तरी फ्लोट बाउलचा नळ तेवढं पुरवत नाही. वर ते पाणी ओढतं, जस्ताचा कार्बोरेटर खातं, टू-टी ऑइल त्यात नीट मिसळत नाही. आणि उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. पेटलंय हे कातडी भाजल्यावर कळतं. रेसिंगवाले वापरतात कारण बाष्प होताना ते खूप उष्णता शोषतं, इंजिन थंड राहतं, कॉम्प्रेशन वाढवता येतं. त्याला पूर्ण इंजिन त्यासाठी बांधलेलं लागतं.

तुम्हाला रोज भिडणारा प्रश्न ई-२० पेट्रोलचा आहे. त्यातही अल्कोहोलच, २० टक्के. मिश्रण थोडं लीन होतं. मे महिन्यात ४२ अंशांत हायवेवर खेचताना येझदी तापत असेल तर प्लग काढून बघा. पोर्सलिन पांढरंफटक असेल तर मेन जेट एक पायरी मोठा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर नळ बंद करून कार्बोरेटर रिकामा करा, अल्कोहोल पाणी घेऊन तळाशी बसतं. जुने रबरी पाइप आणि वॉशर फुगतात, ते आधीच बदला.

येझदी_जुळेसोलापूर

झकास. मग असं ठरवतो: ओतकामाच्या सीनला पहिला थांबा, तिथे ओतारीसाहेबांचे मुद्दे. टायरला दुसरा, छोटा. शेवटच्या धावेत मध्ये थांबवत नाही, लोक मारतील, संपल्यावर बोलू. सिनेमात त्याच्या पायाला एक्झॉस्टचा चटका बसतो त्यावर कुणी विचारलं तर?

स्पोकवाला

कवचात पाय आणि पाइप एकमेकांना चिकटून, वारा लागायला जागा नाही. एक्झॉस्टची नळी हेडजवळ कित्येक शे अंशांवर असते, उघड्या गाडीत वाऱ्याने निदान बाहेरचं अंग जरा उतरतं. पोरांना सांगायचं ते वेगळंच: बाजारात मिळणारी गुंडाळायची पट्टी येझदीच्या पाइपला लावू नका. पाइप आतून जास्त तापतो, पट्टीत पावसाचं पाणी राहतं, क्रोम आणि पत्रा दोन्ही एका पावसाळ्यात जातात. पायाला लागत असेल तर पाइपची क्लॅम्प सरकवा किंवा जाळीचं गार्ड लावा.

ओतारी_एमआयडीसी

थांब्यावर दाखवायला दोन वस्तू आणतो. एक चार ठिकाणी धरलेला पिस्टन, पिनच्या दोन्ही बाजूंना खरचटलेला: हा गॅप कमी किंवा थंड इंजिन एकदम ताणल्याचा. दुसरा फक्त एक्झॉस्टच्या बाजूने घासलेला: हा ऑइल कमी किंवा लीन. माथ्याला भोक पडलेला कुणाकडे असेल तर तिसरा तोच आणा, टायमिंग किंवा लीनचा. पोरांच्या हातात द्या आणि कारण त्यांनाच ओळखू द्या. मायक्रोमीटर ५० ते ७५ चा लागेल, ० ते २५ वाला घेऊन येऊ नका.